मुलांमधला ओसीडी: घरच्यांनी सुरुवात कुठून करायची

घरात आठवी ते बारावीतलं मूल आहे आणि गेल्या काही महिन्यांत ते कशात तरी अडकून पडल्यासारखं वागतंय, अशा घरासाठी हे लिहितेय. बाथरूममधून तास-तास बाहेर न येणं, एकच पान खोडून पुन्हा पुन्हा लिहिणं, झोपण्याआधी गॅस आणि कडी तपासत राहणं, एकाच प्रश्नाचं उत्तर दिवसभर मागत राहणं. आधी ओरडून होतं, मग समजावून होतं, मग कुणीतरी सांगितलेला उपास किंवा अंगारा होतो आणि शेवटी एखादी मावशी नाहीतर शाळेतल्या बाई दबक्या आवाजात ‘ओसीडी’ (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नको त्या विचारांत आणि कृतींत अडकवणारा मनाचा आजार) म्हणतात. तिथून पुढे काय करायचं, ते क्रमाने सांगते.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. या आजारात घरचे जी मदत करतात तिचे दोन प्रकार असतात: एक मुलाला होते, दुसरी आजाराला. वरवर दोन्ही सारख्याच दिसतात. बहुतेक घरं महिनोन्महिने दुसऱ्या प्रकारची मदत करत असतात, आणि तीही अगदी मायेने. पुढची प्रत्येक पायरी या दोन मदती वेगळ्या ओळखण्यासाठी आहे.

पायरी १: नेमकं काय चाललंय ते ओळखा

ओसीडीचे दोन भाग असतात. पहिला भाग नको असलेल्या विचाराचा. तो आपणहून मनात घुसतो, कधी विचार म्हणून, कधी चित्र म्हणून, कधी नुसतं ‘काहीतरी बरोबर नाही’ असं वाटणं म्हणून. त्याने जीव कासावीस होतो. दुसरा भाग ती कासाविशी घालवण्यासाठी केलेल्या कृतीचा: धुणं, तपासणं, मोजणं, विचारणं, पुसून पुन्हा लिहिणं. कृती केली की थोडा वेळ बरं वाटतं. खरी गोम इथेच आहे. सुटका कृतीमुळेच झाली असं मेंदू धरून चालतो आणि पुढच्या खेपेला तीच कृती आणखी जोरात मागतो. दोनदा हात धुऊन भागत होतं तिथे सहादा धुवावे लागतात.

विचित्र विचार येणं हा आजार नव्हे. लोकलच्या फलाटावर उभं असताना ‘आत्ता उडी मारली तर?’ असं कितीतरी धडधाकट माणसांच्या मनात येऊन जातं. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी आजार नसलेल्या लोकांना त्यांच्या मनात येणारे नकोसे विचार विचारले, तेव्हा बहुसंख्यांना असे विचार येत असल्याचं दिसलं, आणि त्यांचा आशय रुग्णांच्या विचारांसारखाच होता. फरक पुढे पडतो. बाकीचे ‘काय वेड्यासारखं मनात येतं’ म्हणून गाडीत चढतात. ओसीडी असलेलं मूल त्या विचाराचा अर्थ लावत बसतं.

हा आजार दुर्मीळ नाही. शंभरातल्या साधारण एक ते तीन मुलांना तो होतो. सुरुवात बऱ्याचदा दहा-अकराव्या वर्षाच्या आसपास होते आणि दुसरी लाट विशीच्या सुमारास येते. मुलग्यांमध्ये तो सहसा मुलींपेक्षा लवकर दिसू लागतो. आजार आहे की नुसती सवय, हे ठरवताना डॉक्टर ढोबळमानाने दोन गोष्टी बघतात: विचार आणि कृतींमध्ये दिवसाचा एक तास किंवा त्याहून जास्त वेळ जातो का, आणि त्यापायी अभ्यास, झोप, जेवण, मित्र यांतलं काही विस्कटतंय का. परीक्षेला नेहमीचंच पेन लागणारा मुलगा आजारी नसतो. ते पेन सापडेना म्हणून जो पेपरलाच जात नाही, त्याच्याबद्दल विचार करायला हवा.

आपल्याकडे एक जास्तीचा गोंधळ असतो तो सोवळ्याओवळ्याचा. आजीच्या घरात बाहेरून आल्यावर पाय धुतात, पूजेआधी आंघोळ लागते, पाळीच्या दिवसांत देवघरात जात नाहीत. अशा घरात मुलीचं धुणं-पुसणं वाढलं तर ‘किती संस्कारी’ म्हणून कौतुक होतं आणि वर्ष निघून जातं. ओळखायची खूण अशी: रीत पाळून संपते, आजार संपत नाही. पाय धुतले की आजी चहा प्यायला बसते. मुलगी मात्र धुतलेले पाय फरशीला लागले म्हणून परत मोरीत जाते. आणि तिच्या नियमांना आजीच चक्रावून जाते.

जे दिसत नाही ते

हात धुणारा ओसीडी सगळ्यांना माहीत असतो, कारण तो दिसतो. किशोरवयात न दिसणारा ओसीडी जास्त छळतो, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, सई नावाची नववीतली मुलगी आहे. (नाव कल्पित आहे. पुढेही तेच वापरते.) भाजी चिरताना एकदा तिच्या मनात आलं, ‘ही सुरी धाकट्या भावाला लागली तर? मीच मारली तर?’ ती हादरली. मग सुरी हातात घ्यायची बंद झाली, मग स्वयंपाकघरात जायची, मग भावाबरोबर एका खोलीत थांबायची. मनात ती ‘नाही, नाही, मी चांगली आहे’ हे वाक्य ठरावीक वेळा म्हणते. मध्येच विसरली तर पहिल्यापासून. बाहेरून एवढंच दिसतं की सई कामचुकार झालीय आणि भावाला टाळतेय.

असे विचार कुणाला लैंगिक स्वरूपाचे येतात, अगदी घरच्यांबद्दलचे किंवा लहान मुलांबद्दलचे. कुणाला देवाच्या तसबिरीकडे बघताना शिवी सुचते. कुणाला ‘आपण रस्त्यात कुणाला तरी धक्का देऊन आलो’ असं वाटत राहतं. आजार मुलाला जे सगळ्यात प्रिय असतं किंवा ज्याची सगळ्यात भीती वाटते त्यावरच नेम धरतो. भावावर जीव असलेल्या मुलीला भावाचेच विचार येतात, देवभोळ्या मुलाला देवाचेच.

हे विचार म्हणजे सुप्त इच्छा नव्हेत. त्यांनी मूल भयभीत होतं, स्वतःची किळस करतं, हीच त्यांची ओळख. केवळ असा विचार येतो म्हणून ओसीडी असलेलं मूल दुसऱ्यांना धोकादायक ठरत नाही. तुमच्या मुलाने धीर करून असं काही सांगितलं तर चेहरा शांत ठेवा. ‘छी, असलं कसं मनात येतं तुझ्या!’ हे एक वाक्य त्याचं तोंड वर्षानुवर्षं बंद करायला पुरतं. सुऱ्या लपवून ठेवू नका. सुऱ्या लपवल्या की ‘आईलाही माझी भीती वाटते’ एवढाच अर्थ सई त्यातून काढेल. आणि जे कानावर आलं ते आत्या-काकूंच्या व्हॉट्सॲप गटापर्यंत पोचू देऊ नका.

पायरी २: आठवडाभर नोंद ठेवा

डॉक्टरांकडे जाण्याआधी एका वहीत सात दिवस लिहा. मुलावर पाळत ठेवायची नाही, त्याला न सांगता त्याचा फोन तपासायचा नाही. जे डोळ्यांसमोर घडतं तेवढंच. कोणत्या वेळी, कशावरून सुरू झालं, किती वेळ चाललं. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: त्या वेळी घरातल्या कुणी काय केलं.

हा शेवटचा रकाना भरताना बऱ्याच आयांना धक्का बसतो. ‘स्वच्छ आहेस गं’ असं दिवसातून तीस वेळा म्हटलेलं असतं. शाळेचा गणवेश त्याच दिवशी दुसऱ्यांदा धुतलेला असतो. बाबांनी ऑफिसातून आल्यावर दारातच कपडे बदललेले असतात, कारण त्याशिवाय लेक जेवायला बसत नाही. दाराची कडी मुलाऐवजी ताईने लावलेली असते. याला अभ्यासक ‘कुटुंबाने जुळवून घेणं’ म्हणतात आणि ओसीडी असलेल्या मुलांच्या बहुतेक सगळ्या घरांत ते कमी-अधिक सापडतं. त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. रडणाऱ्या लेकराला शांत करणं हे आईबापाचं कामच. पण ही नोंद जपून ठेवा, पाचव्या पायरीत तिचं काम आहे.

पायरी ३: मुलाशी बोला

वेळ शांत निवडा. बाथरूमच्या दारावर थापा मारताना हे बोलणं होत नाही. रात्री जेवणानंतरची फेरी, स्कूटरवरून क्लासला जाणं, अशा जागा बऱ्या. समोरासमोर बसवून ‘आज आपण बोलणार आहोत’ म्हटलं की पंधरा वर्षांचं मूल आधी दार बंद करतं.

सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून करा, निदानापासून नव्हे. ‘तुला आंघोळीला खूप वेळ लागतोय आणि बाहेर येतोस तेव्हा दमलेला असतोस. मनात काहीतरी छळतंय का?’ उत्तर आलं नाही तरी चालेल. मग एवढं सांगा: ‘पुष्कळ मुलांच्या मनात असे नको ते विचार घुसतात. त्याला ओसीडी म्हणतात. त्यावर उपचार आहेत. तुझं डोकं फिरलेलं नाही.’ मूल बऱ्याचदा हेच शेवटचं वाक्य ऐकायला थांबलेलं असतं, कारण आपण वेडे होतोय अशी त्याची खात्री झालेली असते.

काय बोलू नये, तेही सांगते. ‘मन घट्ट कर’, ‘विचारच करू नकोस’, ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’. विचार दाबायला गेलं की तो उसळून वर येतो, हे कुणीही दोन मिनिटं करून पाहावं. आणि तर्काने पटवायला जाऊ नका. जंतू असे मरतात, तसे मरतात हे मुलाला तुमच्याहून जास्त माहीत असतं. आपलं वागणं अवास्तव आहे हे बहुतेक मुलांना कळतं. कळूनही थांबता येत नाही, हाच तर आजार.

पायरी ४: योग्य माणसाकडे जा

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. तो निदान करतो, औषध लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, थेरपी करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात उद्धटपणा नाही. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आपल्याकडे कुणीही लावू शकतं. मी स्वतः शाळेत समुपदेशक आहे आणि म्हणूनच सांगते: ओसीडीवरचा उपचार आमच्या खोलीत होत नाही. आमचं काम ओळखण्याचं आणि पुढे पाठवण्याचं.

पहिल्या भेटीत एक प्रश्न जरूर विचारा: ‘तुम्ही ईआरपी करता का?’ ईआरपी म्हणजे काय ते खाली येतंच. उत्तर ‘आपण आधी मनमोकळ्या गप्पा मारू, मग रिलॅक्सेशन शिकवू’ असं आलं तर दुसरं दार शोधा. दीर्घ श्वसन वाईट नाही, पण ओसीडीवर तेवढ्याने भागत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १७ वर्षांच्या ७१ मुलांपैकी काहींना कुटुंबाला सोबत घेऊन ईआरपीवर आधारलेली थेरपी दिली, काहींना आजाराची माहिती आणि रिलॅक्सेशन. पहिल्या गटातल्या सुमारे ५७ टक्के मुलांना चांगला फरक पडला, दुसऱ्यातल्या सुमारे २७ टक्के मुलांना.

कुठे जायचं? मुंबईत केईएम, नायर, सायन या रुग्णालयांत आणि पुण्यात ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहेत, खर्च अगदी कमी. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला घाबरू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागही असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. गोव्यात बांबोळीला मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. आजार खूप हट्टी असेल तर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत खास ओसीडीचं क्लिनिक चालतं. आणि काहीच सुचत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. केंद्र सरकारने ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू केली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.

आरोग्य विमा असेल तर एक लक्षात ठेवा: २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. बाह्यरुग्ण खर्च मिळतो की नाही हे मात्र पॉलिसीवर अवलंबून, तेवढं वाचून घ्या.

डॉक्टर बहुधा एक प्रश्नावली घेतील. तिच्यात ० ते ४० असे गुण असतात आणि उपचाराने फरक पडतोय का, हे नंतर त्यावरून मोजता येतं. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून ओसीडीचं निदान होत नाही. कुणी तसं म्हणालं तर सावध व्हा. एक अपवाद सांगून ठेवते: लहान मुलात लक्षणं एक-दोन दिवसांत, अचानक, घसादुखीच्या आजारापाठोपाठ सुरू झाली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. घशाच्या जंतुसंसर्गाशी जोडलेला एक प्रकार १९९८पासून वर्णिलेला आहे आणि त्याचा तपास वेगळा असतो.

उपचार कसा चालतो

ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. १९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी अशा पद्धतीने दोन रुग्णांवर केलेल्या उपचाराची माहिती प्रसिद्ध केली आणि आजचा उपचार तिथूनच वाढत आला. यात जबरदस्ती नसते. थेरपिस्ट आणि मूल मिळून एक शिडी बनवतात. बाहेरच्या वस्तूंची किळस असलेल्या मुलाची शिडी साधारण अशी दिसेल:

१. स्वतःच्या दप्तराच्या पट्ट्याला हात लावून दहा मिनिटं हात न धुणं.
२. बाहेरून आलेल्या भाजीच्या पिशवीला हात लावून अर्धा तास थांबणं.
३. क्लासबाहेरच्या चपलांच्या ढिगातून आपली चप्पल हाताने उचलणं आणि घरी येईपर्यंत सॅनिटायझर न वापरणं.
४. एसटीतला दांडा धरणं आणि त्याच हाताने आपल्या मोबाइलला, उशीला हात लावणं.
५. एसटीतून उतरून हात न धुता वडापाव खाणं.

(पाचवी पायरी वाचून कुणी म्हणेल, हे तर आरोग्याला बरं नाही. खरंय, रोज करायचं नाहीच. पण शाळेच्या सहलीला गेलेली सगळी मुलं जे करतात ते आपल्यालाही करता येतं, एवढं त्या मुलाला अनुभवायचं असतं.)

प्रत्येक पायरीवर सुरुवातीला जीव घाबरा होतो. थांबून राहिलं तर बऱ्याचदा तो आपोआप उतरतो, आणि नाही उतरला तरी तो सहन होतो, काही भयंकर घडत नाही, हे मूल शिकतं. सईसारख्या मुलीच्या शिडीवर सुरी हातात घेऊन भावाशेजारी बसून काकडी चिरणं असेल, आणि मनात वाक्य म्हणायचं नाही ही अट. घरच्यांनी ही शिडी आपल्या मनाने बनवून मुलावर लादू नये. वरच्या पायरीवर ढकललेलं मूल पुन्हा पहिल्या पायरीवरही उभं राहत नाही.

औषधाबद्दल घरोघरी भीती असते, म्हणून आकड्यांत सांगते. २००४ साली अमेरिकेत ७ ते १७ वर्षांच्या ११२ मुलांवर बारा आठवड्यांचा एक अभ्यास झाला. थेरपी आणि सर्ट्रालिन हे औषध दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के मुलांची लक्षणं जवळजवळ गेली, फक्त थेरपीने ३९ टक्के, फक्त औषधाने २१ टक्के आणि नुसत्या साखरेच्या गोळीने ४ टक्क्यांहून कमी. म्हणजे सौम्य आजारात चांगली थेरपी मिळत असेल तर तिथून सुरुवात करावी. आजार जोरात असेल, किंवा तुमच्या गावात थेरपिस्टच नसेल, तर औषधाला नाही म्हणू नये. सर्ट्रालिन ६ वर्षांपासून, फ्लुओक्सेटिन ७ आणि फ्लुवोक्झामिन ८ वर्षांपासून ओसीडीसाठी अमेरिकेत मान्य आहे.

ही मुळात नैराश्यविरोधी औषधं. या गोळ्यांची सवय लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्याही नसतात, त्रास होतो. गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात. दुसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. एक इशारा गंभीरपणे घ्या: मुलांमध्ये नैराश्यविरोधी औषधांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार थोडे वाढू शकतात. २००४ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी सगळे अभ्यास तपासले तेव्हा हे प्रमाण साखरेच्या गोळीवर २ टक्के आणि औषधावर ४ टक्के दिसलं. त्या अभ्यासांत एकाही मुलाने प्रत्यक्ष आत्महत्या केली नव्हती. तरी पहिले काही आठवडे आणि डोस बदलताना मुलाकडे नीट लक्ष ठेवा. अस्वस्थता, चिडचिड, झोप उडणं दिसलं की पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

पायरी ५: घरची ‘मदत’ हळूहळू काढून घ्या

आता दुसऱ्या पायरीतली वही उघडा. आजाराला जाणारी मदत कमी करायची ती याच यादीतून. शक्यतो थेरपिस्टच्या सल्ल्याने करा. मूल थेरपीला जायलाच तयार नसलं तरी ही पायरी करता येते, आणि तिथे तर ती सोन्यासारखी आहे, कारण तिच्यात बदलायचं असतं ते तुम्हाला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी याच कल्पनेवर ‘स्पेस’ नावाची पद्धत उभारली. तिच्यात मुलाऐवजी आईवडिलांनाच बसवून शिकवतात.

यादीतली एकच गोष्ट निवडा. रोज घडणारी, पण सगळ्यात भयंकर नसलेली. उदाहरणार्थ, ‘माझे हात स्वच्छ आहेत ना?’ या प्रश्नाला उत्तर देणं. मुलाला शांत वेळी आधी सांगा: ‘तुला त्या वेळी किती त्रास होतो ते मला दिसतं. तो तू सहन करू शकशील अशी माझी खात्री आहे. आम्ही उत्तर देतो त्याने ओसीडी वाढतोय, म्हणून सोमवारपासून आम्ही या प्रश्नाचं उत्तर देणार नाही.’ त्रास मान्य करायचा आणि विश्वासही दाखवायचा, दोन्ही हवं. नुसती कीव केली तर मूल आणखी खचतं, नुसतं ‘तुला जमेल, चल’ म्हटलं तर ते एकटं पडतं.

सोमवारी प्रश्न येणारच. तेव्हा एकच वाक्य: ‘हा ओसीडीचा प्रश्न आहे. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.’ मग खरोखर बसा. वाद नाही, व्याख्यान नाही. पहिले काही दिवस प्रश्न वाढतील, आवाज चढेल, ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही’ हेही ऐकावं लागेल. आठव्या दिवशी दमून एकदा उत्तर दिलंत तर मूल एवढंच शिकतं की आठ दिवस लावून धरलं की उत्तर मिळतं. एकदम बंद करणं झेपणार नसेल तर प्रश्नांचा कोटा ठरवा: दिवसाला दहा, पुढच्या आठवड्यात सात, मग चार. कोटा मुलाने स्वतः ठरवलेला असेल तर उत्तम.

दोन अडचणी जवळजवळ प्रत्येक घरात येतात. पहिली म्हणजे घरातली फूट. बाबा ओरडतात, आई ओरडून झाल्यावर गुपचूप गणवेश धुते, आजी म्हणते, ‘अगं दे ना उत्तर, लेकरू रडतंय.’ ओरडणं आणि गुपचूप मदत करणं, दोन्ही आजाराच्याच पथ्यावर पडतं. आजी-आजोबांना वगळून काही करायला जाऊ नका, त्यांनाही डॉक्टरांच्या भेटीला न्या. जे सुनेकडून ऐकून घेतलं जात नाही ते डॉक्टरांच्या तोंडून चालतं.

दुसरी अडचण नवी आहे. आईने उत्तर देणं थांबवलं की मूल मोबाइलकडे वळतं. ‘अमुक केल्याने अमुक होतं का’ हे शंभर वेळा शोधणं, नाहीतर एआय चॅटबॉटला रात्रभर विचारत राहणं. चॅटबॉट कंटाळत नाही, दरवेळी गोड शब्दांत तेच समाधान देतो. आईला विचारणं आणि याला विचारणं यात आजाराच्या दृष्टीने काहीच फरक नाही, म्हणून कोटा ठरवताना हेही मोजा.

एक मर्यादा पाळा. पाण्याचा नळ बंद करणं, साबण फेकून देणं, बाथरूमचं दार तोडणं, मुद्दाम ‘घाणेरड्या’ हाताने मुलाला शिवणं, हे उपचार नव्हेत. आपण काय करतो ते बदलायचं. मुलाच्या अंगाशी झटापट नाही.

शाळा, क्लास, परीक्षा

सगळ्या शिक्षकांना सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका किंवा समुपदेशक, एकीला विश्वासात घ्या आणि कुणाला काय सांगायचं हे मुलाला विचारूनच ठरवा. शाळेत ओसीडी ओळखायच्या जागा: खोडरबराने भोकं पडलेल्या वह्या, फळ्यावरचं उतरवून कधीच पूर्ण न होणं, पेपरात पहिल्या दोन प्रश्नांची देखणी उत्तरं आणि पुढचा पेपर कोरा. नीटच्या उत्तरपत्रिकेतलं वर्तुळ ‘पूर्ण’ काळं झालं का, हे बघत मिनिटं घालवणारी मुलं असतात. त्यांना हुशारी कमी पडत नाही.

शिक्षकांना मागायचं ते साधं असावं: अक्षरावरून गुण कापू नका, गृहपाठ वेळेने मोजा, पानांनी नव्हे. अर्ध्या तासानंतर जिथे असेल तिथे वही मिटायची. अमर्याद जास्तीचा वेळ मागू नका. तो वेळही पुनर्लेखनातच जातो. दहावीच्या तोंडावर ‘परीक्षा होऊ दे, मग उपचार’ असं म्हणणारे पालक दरवर्षी भेटतात. ताणाच्या दिवसांत ओसीडी बहुधा जोर धरतो, त्यामुळे मार्चपर्यंत थांबलं की मार्चमध्येच तो सगळ्यात जास्त आडवा येतो.

थांबायचं नाही अशी लक्षणं

‘जगून काय उपयोग’, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं मूल बोललं, स्वतःला इजा केली, जेवण-पाणी जवळजवळ सोडलं, घराबाहेर पडणंच बंद केलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. ‘तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का?’ असं थेट विचारा. विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. हा प्रश्न सईच्या सुरीच्या विचारापेक्षा वेगळा आहे. सईला त्या विचाराची दहशत वाटते. ज्या मुलाला मरण सुटकेसारखं वाटतंय, त्याला एकटं ठेवायचं नाही. कानात आवाज येतात किंवा कुणीतरी बाहेरून माझ्या डोक्यात विचार घालतंय असं मूल सांगत असेल तर तेही लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला, तो तपास वेगळा आहे.

बरं वाटू लागल्यावर

गुण आला म्हणून थेरपीच्या भेटी एकदम तोडू नका, आधी दोन आठवड्यांनी, मग महिन्याने अशा लांबवत न्या. औषध बरं वाटल्यानंतरही सहसा किमान वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टर ते काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. हे उतरवणं परीक्षेच्या, हॉस्टेलला जाण्याच्या किंवा घर बदलण्याच्या दिवसांत करू नये. ओसीडी रूप बदलून परत येतो: हात धुणं गेलं आणि दोन वर्षांनी कॉलेजात ‘मी त्या मित्राला दुखावलं का’ असे मेसेज पाठवणं सुरू झालं, तर हा तोच पाहुणा आहे हे मुलाला स्वतःला ओळखता यायला हवं. म्हणून उपचार संपताना थेरपिस्टकडून एक कागद लिहून घ्या: आपल्या मुलात सुरुवातीची लक्षणं कोणती होती, शिडीवरच्या कोणत्या पायऱ्यांनी सगळ्यात जास्त उपयोग झाला, कोणतं औषध किती मात्रेत लागू पडलं, आणि परत त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. एक प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये, एक तुमच्या फायलीत.